प्लॅटिनमला कागदावर उतरवणारा माणूस

घरातील जुनी पेटी उघडली की तळाशी एखादे आजोबा-पणजोबांचे छायाचित्र हमखास सापडते. कोट, पगडी, हातात काठी. पण चेहरा मात्र पिवळट धुक्यात हरवलेला. कडांकडून आत सरकत आलेल्या त्या पिवळेपणाने डोळे आणि ओठ पुसून टाकलेले असतात. छायाचित्रणाच्या पहिल्या अर्धशतकात ही व्यथा जगभर होती. माणूस मेला तरी त्याचे चित्र राहील, असे आश्वासन ही नवी कला देत होती आणि माणसाच्या डोळ्यांदेखत तेच चित्र विरून जात होते. या व्यथेवर उपाय शोधण्यासाठी एका इंग्रज संशोधकाने आयुष्य वेचले. न विरणारे चित्र त्याने शोधून काढले आणि हौशी छायाचित्रकाराला परवडेल अशा रीतीने ते दुकानात विकूनही दाखवले. त्याचे नाव विल्यम विलिस.

कॅमेऱ्याचा इतिहास सांगताना डागेर, टॅलबट, ईस्टमन ही नावे प्रथम घेतली जातात. विलिस यांचे नाव त्या मानाने मागे राहिले. मात्र, छायाचित्रांचे प्रिंट हाताळणाऱ्या जगभरातील संग्रहालयांत आणि कलावंतांच्या वर्तुळात ते आजही आदराने घेतले जाते. प्लॅटिनोटाइप आणि पॅलेडिओटाइप या दोन्ही पद्धतींचे जनक तेच. त्यांच्या आयुष्याची कहाणी ही बऱ्याच अंशी एका धातूच्या भावाची कहाणी आहे.

विरणाऱ्या चित्रांची चौकशी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कागदावरचे बहुतेक प्रिंट चांदीच्या क्षारांपासून बनत. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला चकचकीत कागद घ्यायचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेट चढवायचे आणि निगेटिव्हखाली उन्हात ठेवायचे, अशी ही रीत. चित्र सुंदर येई. पण चांदीचे पैंजण जसे हवेने काळवंडतात, तशीच या कागदावरच्या चांदीलाही हवा बाधत असे. धुण्यात राहून गेलेला हायपो, दमट हवा आणि शहरातील कोळशाच्या व दिव्याच्या वायूतील गंधक हे चांदीचे शत्रू होते.

ही तक्रार इतकी वाढली की, १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने छायाचित्रे का विरतात याचा शोध घेण्यासाठी समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्या कामासाठी ५० पौंडांची देणगी दिली. समितीने कारणे सांगितली. मात्र उपाय सापडण्यास आणखी जवळजवळ दोन दशके जावी लागली.

उपायाचे धागे तसे पूर्वीच हाती आले होते. प्लॅटिनमच्या क्षारांवर प्रकाशाचा परिणाम होतो, हे सर जॉन हर्शेल यांनी १८३२ मध्ये ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांच्या सभेत दाखवले होते. रॉबर्ट हंट यांनी पुढच्या दशकात प्लॅटिनमवर अनेक प्रयोग केले. परंतु त्यातून छायाचित्रकाराच्या रोजच्या कामात उपयोगी पडेल अशी पद्धत निघाली नाही. प्लॅटिनम हवेने काळवंडत नाही, गंजत नाही आणि साध्या आम्लांना दाद देत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. कोडे एवढेच होते की, इतका हट्टी धातू कागदावर चित्राच्या रूपाने बसवायचा कसा?

कोरीव चित्रकाराचा मुलगा

विलिस यांचा जन्म १८४१ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट ऑस्टेल येथे झाला. वडिलांचे नावही विल्यम विलिसच. ते व्यवसायाने धातूच्या पत्र्यावर निसर्गचित्रे कोरणारे कारागीर होते आणि स्वतः संशोधकही होते. १८६४ मध्ये त्यांनी ॲनिलीन पद्धत शोधून काढली. अभियंत्यांचे आराखडे आणि रेखाचित्रे निगेटिव्हशिवाय थेट कागदावर उतरवून घेण्यासाठी ती वापरली जाई. चित्राची नक्कल स्वस्तात आणि नेमकी कशी करावी, हा प्रश्न त्यामुळे मुलाच्या कानांवर घरातच पडत होता.

तरुण विलिस यांनी आधी अभियांत्रिकीच्या कामात हात घातला आणि नंतर काही काळ बँकेत नोकरी केली. पुढे ती सुरक्षित नोकरी सोडून ते वडिलांच्या उद्योगात आले. वरवर पाहता या तीन कामांचा एकमेकांशी संबंध नाही. मात्र, कारखान्यातील शिस्त, पैशाचा हिशेब आणि कागदावरचे रसायन या तिन्ही गोष्टी पुढे त्यांच्या कंपनीत एकत्र आल्या. केवळ प्रयोगशाळेत रमणारा संशोधक ते नव्हते आणि केवळ नफ्याकडे पाहणारे व्यापारीही नव्हते.

१८७३ चे पेटंट

जून १८७३ मध्ये विलिस यांनी प्लॅटिनमच्या साहाय्याने छायाचित्र छापण्याच्या पद्धतीचे पहिले पेटंट घेतले. त्यातील कल्पना समजण्यास सोपी आहे. प्लॅटिनमच्या क्षारावर प्रकाशाने थेट चित्र उमटवण्याऐवजी त्यांनी लोखंडाला मध्यस्थ केले. फेरिक ऑक्झलेट हा लोहाचा क्षार आणि प्लॅटिनमचा क्षार यांचे मिश्रण कागदावर चढवायचे. वाळलेला कागद निगेटिव्हखाली उन्हात ठेवला की, जेथे प्रकाश पोहोचतो तेथे लोहाच्या क्षाराचे रूप बदलते. नंतर हा कागद पोटॅशियम ऑक्झलेटच्या गरम द्रावणावरून सरकवला की, बदललेले लोह शेजारच्या प्लॅटिनमच्या क्षाराचे शुद्ध धातूत रूपांतर करते. उरलेले लोह सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन काढायचे. मागे राहतो तो कागदाच्या तंतूंत रुतलेला प्लॅटिनमचा सूक्ष्म करडा-काळा कण.

हे सारे पाहण्यासही मोठे विलक्षण होते. उन्हातून काढलेल्या पिवळसर कागदावर चित्राची जेमतेम चाहूल लागलेली असे. द्रावणाचा स्पर्श होताच मात्र ते क्षणार्धात पूर्ण उमटे. येथे अंड्याचा लेप नव्हता, चकाकी नव्हती. चित्र कागदावर नव्हे, तर कागदातच असे. गडद काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणाऱ्या करड्या छटांची इतकी मऊ उतरंड चांदीच्या कागदावर क्वचितच दिसत असे.

परंतु पहिले पेटंट म्हणजे पक्का माल नव्हे. सुरुवातीच्या कृतीत चांदी आणि शिसे यांच्या क्षारांचीही जोड घ्यावी लागत होती. ज्या चांदीच्या दोषामुळे हा खटाटोप सुरू झाला, तिचाच आधार घ्यावा लागणे विलिस यांना मान्य होण्यासारखे नव्हते. १८७८ आणि १८८० मध्ये त्यांनी आणखी दोन पेटंटे घेतली आणि हे परके क्षार टप्प्याटप्प्याने गाळून टाकले. पुढे १८८७ मध्ये थंड द्रावणात चित्र उमटवण्याची पद्धत त्यांनी आणली. पहिल्या पेटंटापासून येथवर येण्यास १४ वर्षे गेली. फोटोग्राफिक सोसायटीने १८८१ मध्येच त्यांना आपले प्रोग्रेस मेडल देऊन गौरवले होते. ज्या संस्थेने विरणाऱ्या चित्रांची चौकशी केली होती, तिनेच न विरणाऱ्या चित्राच्या जनकाचा सन्मान केला.

दुकानातला प्लॅटिनम

विलिस यांचे खरे वेगळेपण मात्र पेटंटात नाही; ते त्यांच्या व्यवसायात आहे. १८७९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये प्लॅटिनोटाइप कंपनी स्थापन केली. सुरुवातीला ही पद्धत वापरण्यासाठी कंपनीचा परवाना घ्यावा लागे. लवकरच कंपनीने रसायनाचा लेप चढवलेला तयार कागद विक्रीस आणला. छायाचित्रकाराने स्वतः मिश्रण करायचे, मोजमाप चुकवायचे आणि महागडा क्षार वाया घालवायचा, ही कटकट त्यामुळे संपली.

तयार कागदाची एक मोठी अडचण होती, ती ओलाव्याची. दमट हवा लागली की कागद खराब होई आणि चित्र मळकट उमटे. त्यावर तोड म्हणून हा कागद पत्र्याच्या बंद नळकांड्यात विकला जाई आणि आत ओलावा शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड ठेवलेले असे. इंग्लंडच्या धुक्यातही हा कागद टिकला, तो या साध्या युक्तीमुळे.

प्लॅटिनम म्हटले की आज दागिन्यांच्या दुकानातील किमती डोळ्यांसमोर येतात. त्या काळी परिस्थिती निराळी होती. रशियातील उरल पर्वतात १८२० च्या दशकात प्लॅटिनमचे मोठे साठे सापडले होते. इतके की, १८२८ ते १८४५ या काळात रशियाने प्लॅटिनमची नाणीही पाडली. विलिस यांनी कंपनी काढली, तेव्हा हा धातू सोन्यापेक्षा बराच स्वस्त होता. शिवाय एका कागदावर तो अगदी थोडा लागे. वाया गेलेले कागद आणि वापरलेली द्रावणे साठवून त्यांतील धातू परत मिळवण्याचीही सोय होती. चांदीच्या कागदापेक्षा हा कागद महाग असला, तरी तो श्रीमंतांची मिरास नव्हता. उन्हात ठेवण्याचा वेळही कमी लागे आणि सोन्याच्या द्रावणात रंग सुधारण्याचा चांदीच्या कागदावरील खर्चिक टप्पाही वाचे.

स्पर्धाही लवकरच सुरू झाली. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील जुझेप्पे पित्सिगेल्ली आणि आर्थर ह्यूब्ल या दोन अधिकाऱ्यांनी १८८२ मध्ये असा कागद घरी बनवण्याची संपूर्ण कृती प्रसिद्ध केली. व्यापारी गुपिताचा मोठा भाग त्यामुळे उघड झाला. तरीही विलिस यांची कंपनी मागे पडली नाही. कागद घरी बनवता येतो हे कळल्यावरही बहुतेकांनी तयार कागदच विकत घेतला. कारण दरवेळी तोच दर्जा मिळण्याची हमी घरच्या कागदाला नव्हती. अमेरिकेतही फिलाडेल्फिया येथील विलिस अँड क्लेमेंट्स या पेढीमार्फत हा कागद पोहोचला.

या कागदावर उमटलेले जग

हा कागद कोणाकोणाच्या हाती गेला, ते पाहिले की विलिस यांच्या कामाचा आवाका ध्यानात येतो. पीटर हेन्री इमर्सन यांनी चित्रकार टी. एफ. गुडॉल यांच्यासोबत इंग्लंडच्या नॉरफोक भागातील पाणथळ प्रदेश आणि तेथील कष्टकरी माणसे यांच्यावर ग्रंथ केला. १८८६ च्या सुमारास निघालेल्या या ग्रंथात प्लॅटिनमचे ४० प्रिंट होते. कलात्मक छायाचित्रणासाठी प्लॅटिनोटाइपसारखी दुसरी पद्धत नाही, असा प्रचार इमर्सन हिरिरीने करीत.

फ्रेडरिक हॉलियर यांनी या कागदाचा उपयोग आणखी निराळ्या कारणासाठी केला. बर्न-जोन्स, वॉट्स आदी चित्रकारांच्या कलाकृतींची छायाचित्रे घेऊन त्यांचे प्लॅटिनमवरील प्रिंट ते विकत. मूळ चित्र विकत घेणे सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हते. पण भिंतीवर टांगण्यासाठी त्याची टिकाऊ आणि देखणी प्रतिमा मध्यमवर्गीय घरांना घेता येऊ लागली. अमेरिकेत गर्ट्रूड केसेबिअर यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या व्यावसायिक स्टुडिओत हाच धातू व्यक्तिचित्रांसाठी वापरला.

या साऱ्यांत विलिस यांच्या कागदाचा सर्वांत निष्ठावंत ग्राहक कोण, असे विचारले तर फ्रेडरिक एच. इव्हान्स यांचे नाव घ्यावे लागेल. लंडनमध्ये पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या इव्हान्स यांनी व्यवसायातून निवृत्त होऊन इंग्लंडची जुनी कॅथेड्रल टिपण्याचा ध्यास घेतला. वेल्स येथील कॅथेड्रलच्या झिजलेल्या पायऱ्यांचे १९०३ मधील त्यांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. दगडावरून ओघळणारा प्रकाश त्यांना हवा तसा उमटत होता तो प्लॅटिनमवरच. निगेटिव्हवर किंवा प्रिंटवर हाताने फेरफार करणे त्यांना मंजूर नव्हते. जे काही करायचे ते कॅमेऱ्याने आणि कागदाने, असा त्यांचा बाणा होता. असा कलावंत कागद बनवणाऱ्यावर किती अवलंबून असतो, हे पुढे दिसून आलेच.

धातू रुसला

विसावे शतक उजाडले आणि प्लॅटिनमचे दिवस पालटले. गंधकाम्लाचे कारखाने, विजेचे दिवे, दंतवैद्यक आणि दागिने अशा सर्व बाजूंनी या धातूला मागणी आली. पुरवठा मात्र जवळजवळ सगळा एकट्या रशियाच्या हाती होता. भाव चढत गेला आणि पहिल्या दशकात त्याने सोन्यालाही मागे टाकले. त्याच वेळी चांदीचा नवा ब्रोमाइड कागद बाजारात आला होता. तो स्वस्त होता आणि लहान निगेटिव्हवरून मोठे चित्रही देत होता. प्लॅटिनमच्या कागदाला हे जमत नसे. त्यासाठी चित्राच्या आकाराचीच निगेटिव्ह लागे.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि उरलीसुरली आशाही मावळली. स्फोटकांसाठी लागणारे नायट्रिक आम्ल बनवण्याच्या प्रक्रियेत प्लॅटिनमची जाळी लागत असे. त्यामुळे हा धातू युद्धसामग्री ठरला. पाठोपाठ रशियात क्रांती झाली. १९१८ मध्ये अमेरिकेत त्याचा सरकारी भाव सोन्याच्या सुमारे पाचपट होता. कोडॅक कंपनीने १९१६ मध्येच आपला प्लॅटिनमचा कागद बंद केला होता. चित्राला अमरत्व देणारा धातू आता माणसे मारण्याच्या कामी लागला होता.

पंचाहत्तरीत नवा डाव

विलिस तेव्हा पंचाहत्तरीला आले होते. चाळीस वर्षांपूर्वी सुरू केलेले काम येथेच थांबले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. मात्र, ते थांबले नाहीत. महायुद्धाच्या सुमारास त्यांनी प्लॅटिनमला चांदीची जोड दिलेला सॅटिस्टा नावाचा कागद आणला. तो स्वस्त होता. पण चांदी आली की तिचे जुने दुखणेही आले. टिकाऊपणासाठी आयुष्य घातलेल्या माणसाला ही तडजोड करावी लागली, यावरून प्रसंग किती बिकट होता ते कळते.

खरा मार्ग त्यांना सापडला तो प्लॅटिनमच्याच कुळात. पॅलेडियम हा प्लॅटिनमच्या खनिजाबरोबर मिळणारा धातू. विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १८०२ मध्ये वेगळा काढला होता. योगायोग असा की, याच वोलास्टनने चित्रे काढण्यासाठी कॅमेरा ल्युसिडा हे उपकरण बनवले आणि ते वापरताना आलेल्या अपयशातूनच टॅलबट यांना छायाचित्रणाची कल्पना सुचली. छायाचित्रणाच्या जन्माशी दूरचे नाते असलेला हा शास्त्रज्ञ आता तिच्या टिकाऊपणाच्याही मदतीला आला.

पॅलेडियमचा क्षार लोहाच्या क्षाराबरोबर जवळजवळ प्लॅटिनमसारखाच वागतो. त्याचे चित्र किंचित उबदार, तपकिरी छटेचे येते. काळवंडण्याचे भय त्यालाही नाही आणि त्या वेळी तो प्लॅटिनमपेक्षा स्वस्त होता. १९१६ च्या सुमारास विलिस यांच्या कंपनीने पॅलेडिओटाइप कागद बाजारात आणला. स्वतःच्याच शोधाला स्वतःच पर्याय देण्याची ही वेळ होती. प्रतिष्ठेचा विचार न करता त्यांनी ती निभावली.

सर्वांनाच हा नवा कागद पसंत पडला असे नाही. इव्हान्स यांचा जीव प्लॅटिनममध्ये गुंतला होता. तो कागद दुर्मिळ आणि महाग झाल्यावर त्यांनी छायाचित्रणच जवळपास सोडून दिले. १९४३ पर्यंत ते जगले. पण त्यांच्या नावावर असलेले मोठे काम त्यापूर्वीचेच आहे. दुसरीकडे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांची जी व्यक्तिचित्रांची मालिका केली, तिच्यातील अनेक प्रिंट पॅलेडियमवर आहेत. मेक्सिकोत हलाखीचे दिवस काढणारे एडवर्ड वेस्टन यांनीही १९२० च्या दशकात प्लॅटिनमबरोबर पॅलेडियमचे प्रिंट केले. आधुनिक छायाचित्रणाचे हे दोन आधारस्तंभ एका वयोवृद्ध संशोधकाच्या शेवटच्या शोधावर उभे होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

विलिस यांनंतर

विलिस यांचे १९२३ मध्ये निधन झाले. त्यांच्या मागे कंपनी काही वर्षे चालली. मात्र ब्रोमाइड कागदापुढे तिचा टिकाव लागणे कठीण होते आणि पुढे तिचा कागद बाजारातून नाहीसा झाला. त्यानंतर दोन-तीन दशके ही कला जणू विस्मरणात गेली. १९६० च्या दशकात आयर्विंग पेन यांच्यासारख्या नामवंत छायाचित्रकाराला प्लॅटिनमचे प्रिंट करावेसे वाटले, तेव्हा तयार कागद कोठेच नव्हता. त्यांना क्षार मिसळून, ब्रश हाती घेऊन कागद स्वतःच बनवावा लागला. आजही जगभरातील थोडे कारागीर हेच करतात. त्यातील रसायन मुळात विलिस यांचेच आहे.

टिकाऊपणाच्या त्यांच्या दाव्याचे काय झाले? संग्रहालयांतील प्लॅटिनमची चित्रे शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही आपला करडा-काळा रंग राखून आहेत. दोष निघाला तो कागदात. प्लॅटिनमच्या सान्निध्यात कागद लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो. इतकेच नव्हे, तर समोर ठेवलेल्या दुसऱ्या कागदावरही चित्राची पुसट सावली उमटते. जुना प्रिंट प्लॅटिनमचा आहे की नाही, हे ओळखण्यासाठी तज्ज्ञ ही सावली शोधतात. धातूने शब्द पाळला; कागदाने मात्र थोडी कसूर केली.

काळाचा विनोद याहून मोठा आहे. एडवर्ड स्टायकन यांचे १९०४ मधील तळ्यावरच्या चांदण्याचे छायाचित्र २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २९ लाख डॉलरला विकले गेले आणि त्यांच्याच फ्लॅटआयर्न इमारतीच्या छायाचित्राला २०२२ मध्ये सुमारे १ कोटी १८ लाख डॉलर मिळाले. दोन्ही प्रिंटांचा पाया प्लॅटिनमचा आहे.

विलिस यांचा व्यवहार या आकड्यांच्या नेमका उलटा होता. टिकणारे चित्र ही काही मोजक्यांची चैन नसावी, पत्र्याच्या नळकांड्यातून ते कोणालाही घरी नेता यावे, या दिशेने त्यांनी पन्नास वर्षे खटपट केली. धातूच्या भावापुढे आणि युद्धापुढे त्यांचे दुकान टिकले नाही. मात्र त्यांच्या कागदावर उमटलेले चेहरे अजून पुसले गेलेले नाहीत.